टिटवीनं पाहिलेली जागा

मागच्या उन्हाळ्यात माझ्या घराच्या स्लॅबवर टिटवीनं अंडी घातल्याची बातमी मला माझ्याच बसमध्ये कळली. साकोलीहून भंडाऱ्याला जाणारी सकाळची फेरी, गर्दी दारापर्यंत, तिकिटाचं मशीन गळ्यात. आमच्या गावची एक बाई पिशवीत सुट्टे शोधता शोधता म्हणाली, "मॅडम, तुमच्या घरावर टिटवीनं अंडे घातले म्हणते. यंदा गाव बुडते आता." मागच्या सीटवरून एकानं मान वर केली. "स्लॅबवर? मंग तं पाणी लय हाय यंदा." तिसऱ्याला अंड्यांची टोकं कुठल्या बाजूला आहेत ते जाणून घ्यायचं होतं. सगळे माझ्याकडं बघून राहिले, कारण घर माझं. आणि मला काहीच माहीत नाही.

"आधी तिकीट घ्या, मग बुडा," मी म्हटलं आणि पुढं सरकले.

पण राग आला होता. मी पहाटेच निघालेली, स्लॅबवर चढण्याचा प्रश्नच नव्हता. माझ्या घराच्या वर कोण राहायला आलं ते मला लाखनीच्या स्टॉपवर दुसऱ्याकडून कळावं, आणि वर गाव बुडवायचा आळही माझ्याच घरावर यावा, हे काही मला पटलं नाही. त्या फेरीत मी दोघातिघांवर उगाचच खेकसले.

आमच्याकडं ही रीतच आहे. उन्हाळा संपत आला की एक काका शिवारभर फिरतात. माझ्या घराच्या खालच्या अंगाला ज्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं आहेत, त्या त्यांच्या. टिटवीनं अंडी कुठं घातली ते शोधायचं आणि गावाला सांगायचं, हे काम त्यांच्याकडं त्यांच्या वडिलांपासून आलेलं. अंडी उंचावर असली तर पाऊस जोरात, मग भारी धान लावायचं, म्हणजे उशिरा निघणारं, पाणी जास्त पिणारं. अंडी तलावाच्या पोटात, खोलगट जागी असली तर पाऊस कमी, मग हलकं धान, लवकर हाती येणारं. बियाण्याच्या दुकानात उभा राहिलेला माणूस आधी विचारतो, काका काय म्हणून राहिले. मोबाइलवर हवामानाचा अंदाज येतो, तो वाचून माणसं काकांकडं जातात आणि विचारतात, हे खरं हाय का.

आजवर टिटवी बांधावर बसली होती, तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठच्या उंच भरावावर बसली होती, बरडीवर तर दरवर्षीच बसायची. घराच्या स्लॅबवर कधी बसली नव्हती. त्याहून उंच जागा गावात पाण्याची टाकी सोडून दुसरी नाही. म्हणजे काकांच्या हिशेबानं पूर.

संध्याकाळी घरी पोचले तर आई दारात खुर्ची टाकून बसलेली. "काका आलते," ती म्हणाली. "जिना चढून पाहून गेले. मी म्हटलं पाहा, पण हात लावाचा नाही." आई माझ्याजवळ राहते. वय झालं तरी आवाज असा की फॅक्टरीचा भोंगा बरा. मी चपला खालीच काढल्या आणि वर गेले.

वरची खोली बांधायची म्हणून मी स्लॅबवर गिट्टी आणि मुरूम आणून टाकला होता. त्यात अंडी होती, आणि मला ती आधी दिसलीच नाहीत. मादी उठून चार पावलं पळाली, मग माझ्या डोक्यावर येऊन ओरडायला लागली, तेव्हा ती जिथून उठली तिथं निरखून पाहिलं. मातकट रंगाची, काळ्या डागांची चार अंडी, टोकं आतल्या बाजूला. काडी नाही, गवत नाही, मुरमात अंग घासून केलेला एवढासा खोलगा आणि कडेला बारीक खडे. बस, झालं घर. मी तिथंच जिन्याच्या तोंडाशी बसले आणि खाली बरडीकडं पाहिलं, आणि ती वर का आली ते मला कळलं. त्यात पावसाचा काही संबंध नव्हता.

बरडी म्हणजे आमच्याकडची मुरमाड, गोट्याची जमीन. पाणी ठरत नाही, नांगर चालत नाही, उन्हाळ्यात पाय ठेववत नाही. माझ्या घराच्या तिन्ही बाजूंना सरकारी बरडी आहे. तिच्या कडेचा एक तुकडा खाजगी होता, तो मी घेतला. त्याआधी मी रोडजवळ प्लॉट मागून पाहिला होता. तिथं मला सांगितलं, "तुमच्या लोकायची वस्ती हाय ना तिकडं, तिकडंच पाहा ना." मी तिकडंही पाहिलं नाही आणि इकडंही विनवलं नाही, बरडी घेतली. मग तीच माणसं म्हणायला लागली, "काहून हो मॅडम, दुसरी जागा नव्हती का? ना झाड, ना सावली, ना शेजार. बाईमाणसानं एकटं तिथं राहावं का?"

मला जागा का आवडली ते मी कोणाला सांगत बसले नाही. माझं लहानपण जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. बाबा फॅक्टरीत होते. क्वार्टर पक्कं होतं, पाणी होतं, शाळा होती, तक्रार काही नाही. पण खिडकी उघडली की समोर दुसऱ्याची भिंत. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, मग वरठीला भाड्याची खोली, तिथंही भिंत. कंडक्टर झाले तेव्हा शेवटची फेरी करून एकटीनं घरी येताना मला सगळ्यात भीती वळणाची वाटायची. वळणापलीकडं कोण आहे ते दिसत नाही. त्या बरडीवर पहिल्यांदा उभी राहिले तर चारी बाजू मोकळ्या. रोड दिसला, तलावाची पाळ दिसली, गावातलं पहिलं घर दिसलं, लांब नागझिऱ्याचं जंगल दिसलं. कोणी येत असेल तर तो दारात यायच्या कितीतरी आधी मला दिसेल. मी सही करून मोकळी झाले.

टिटव्या तिथं माझ्या आधीपासून होत्या. खरं तर नंतर आलेली मी. पहिल्या उन्हाळ्यात मी नुसती अंगणात आले तरी दोघं नवराबायको डोक्यावर घिरट्या घालून शिव्या द्यायचे. मग ओळख झाली. अजूनही खाकीत असले तर गप्प राहतात, आणि लग्नाला जायला चांगली साडी नेसून निघाले की ओरडतात. बरडीवर त्यांची जागा दरवर्षी थोडी इकडंतिकडं व्हायची, पण जात एकच. उघडी, गोट्याची, गवताची काडी नसलेली, थोडी उचललेली आणि तलावापासून फार लांब नसलेली.

इतकी वर्षं कंडक्टरकी केली, तर मला एक बघायची सवय लागली. रिकाम्या बसमध्ये माणूस चढला की कुठं बसतो. टोपली घेतलेली म्हातारी दाराजवळ बसते, कारण तिला उतरताना कोणी थांबेल याचा भरवसा नाही. एकटी पोरगी माझ्या सीटच्या मागं बसते. दारू घेतलेला माणूस पार शेवटी जातो. वरून पाहणाऱ्याला वाटतं सगळे कुठंही बसले. कोणी कुठंही बसत नाही. ज्याला ज्याचं भ्या असतं ते बघून तो बसतो. टिटवीला झाडावर बसता येत नाही, तिच्या पायाला मागचं बोट धड नाही. तिची अंडी जमिनीवर, उघडी. कुत्रा, मुंगूस, कावळा, माणूस, सगळ्यांचं भ्या. गवतात बसली तर गवतातून कोण येतंय ते दिसणार नाही. म्हणून ती मोकळ्यावर बसते आणि मुरमासारखी दिसणारी अंडी मुरमात ठेवते. लोकांना जी बेकार जमीन दिसते तिच्यावर ती जीव टाकते. एवढं सरळ आहे हे.

आणि त्या उन्हाळ्यात पंचायतीनं बरडीवर झाडं लावायचं ठरवलं होतं. मी ड्युटीवर असताना जेसीबी आला आणि रांगेनं खड्डे खोदून गेला. ऐन टिटव्यांच्या जमायच्या दिवसात. आई म्हणाली, मशीन चालू होतं तेवढा वेळ दोघं वर फिरत होते, मशीन गेल्यावर खड्ड्यांच्या मधून चालत राहिले. जिकडं बघावं तिकडं मातीचे ढीग, आणि ढिगाच्या आडून काहीही येऊ शकतं. मग त्यांना माझा स्लॅब दिसला. गिट्टी पसरलेली, चारी बाजू मोकळ्या. तिनं पाऊस पाहिला नाही. तिनं जागा पाहिली.

दुसऱ्या दिवसापासून घरावर रांग. अर्धे लोक पुराची खातरजमा करायला यायचे, अर्धे मला सावध करायला. घरावर टिटवी ओरडणं चांगलं नसतं, घरातलं माणूस जातं, अंडी उचलून तलावाकडं ठेवून या. एका बाईनं आईसमोरच हे सांगितलं, म्हणजे घरातलं कोणतं माणूस ते वेगळं सांगायची गरज नव्हती. आई म्हणाली, "आमच्या सासऱ्यानं दीक्षा घेतली त्या दिवशी घरातले सारे शकुन-अपशकुन बाहेर टाकले. आता एका टिटवीसाठी वापस आणू का? जा, चहा घेऊन जा." ती बाई चहा न घेताच गेली.

मिस्त्री वरच्या खोलीचं काम घ्यायला आला, त्याला मी परत पाठवलं. "कायले?" तो म्हणाला. मी वर बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू उन्हानं मॅडमचं डोकं गेलं. मग त्यानं दुसरीकडं काम धरलं, आणि माझी खोली आजही कागदावरच आहे. राहू दे.

मला मात्र एवढ्यावर थांबायचं नव्हतं. स्लॅब एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी त्यांनी कुठं जायचं? खड्डे खोदले होते, झाडं अजून लागायची होती, आणि त्याआधी ग्रामसभा होती. मी सभेत बोलायचं ठरवलं.

सभेच्या आदल्या दिवशी काका आले. पायरीवर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "बाई, मले एक सांगा. तुमाले बरडी मोकळी पाहिजे ना?"

"हाव."

"मंग तुम्ही बोलूच नका. मी बोलतो. सांगतो का टिटवीले बरडीवरून उठवली तं गावावर कोप होते, म्हणून ती घरावर गेली. पाहा, दोन दिवसात खड्डे बुजते का नाही."

बुजले असते. यात शंका नाही. काकांचा शब्द आमच्या गावात असा चालतो. माझंही मन झालं होतं. सरळ रस्ता समोर दिसत होता. पण आई आत भांडी आपटत होती, म्हणजे ती ऐकत होती, आणि तिला काय वाटतं तेही कळत होतं.

"नाही काका," मी म्हटलं. "आज कोप म्हणून वाचवली तं उद्या कोणी अपशकुन म्हणून मारन. माझ्या घरावर ती आली त्या दिवशीच अंडे फेकाले लोक आले होते. भ्या दाखवून वाचवलेलं टिकत नाही."

"मंग तुमचं तुम्ही पाहा," काका म्हणाले आणि टोपी घालून उठले. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला ते दिसत होतं.

सरपंच तरुण आहे, बोलायला गोड, मला ताई म्हणतो. सभेत मी उठले तशी लोकांनी कुजबुज सुरू केली. मी सांगितलं, की बरडीवर झाडं लावू नका, तिथं टिटवीची वीण आहे. हशा झाला. सरपंच म्हणाला, "ताई, लोक झाडं तोडू नका म्हणून भांडतात. तुम्ही लावू नका म्हणून भांडून राहिल्या."

"लावा ना. शाळेच्या मागं लावा, रोडच्या कडेला लावा, जिथं माती हाय तिथं लावा. मागच्या खेपेले बरडीवर लावले त्यातलं एक तरी मले दाखवा."

यावर काही जण हसले, पण या वेळी माझ्यावर नाही. सरपंचाचा गोडपणा जरा कमी झाला. "बरडी रिकामी पडून हाय, म्हणून तं झाडाची योजना मंजूर झाली."

"रिकामी नाही. तिथं वस्ती हाय."

"टिटवीची?" तो म्हणाला, आणि लोकांकडं वळून त्यानं हात पसरले. "अहो, टिटवीले दुसरी जागा नाही का? एवढं मोठं शिवार पडलं हाय."

हेच वाक्य. शब्दाशब्दाला हेच. मी म्हटलं, "हे मले बी विचारलं होतं तुम्ही. आधी म्हणे तिकडं जा, मग म्हणे तिकडं काहून गेली. दुसरी जागा नाही का, हे जो आपल्या जागेवर बसला हाय तोच विचारते. तिले तिची जागा कळते. मले माझी कळली. मी काही उठली नाही, आणि तिले बी उठवू देणार नाही."

मग काका उभे राहिले आणि म्हणाले, की टिटवी घरावर गेली याचा अर्थ पूर येणार, तेव्हा खालच्या बांध्यांची तयारी ठेवा. मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, पूर-बिर काही नाही. खड्डे खोदले म्हणून ती वर आली. तिले पावसाचं काही माहीत नाही." काका खाली बसले. त्यांच्या वयाच्या माणसाला भर सभेत कोणी असं बोललं नसेल. हात वर झाले ते झाडांच्या बाजूनं. मी हरले, आणि काकाही दुरावले.

नवतपा लागला, मेअखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस. त्या दिवसांत आमच्याकडं कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. स्लॅब असा तापायचा की मला जिन्यावरून वर पाय टाकता येत नव्हता, आणि ही त्यावर उभी. बसत नव्हती, अंड्यांवर पाय फाकवून उभी राहायची, सावली धरून. नर आला की ती तलावावर जायची, पाण्यात पोट बुडवून ओलं करायची आणि तसंच ओलं पोट घेऊन अंड्यांवर येऊन बसायची. दिवसभर दोघांची आळीपाळी. आईनं एक घमेलं पाणी भरून स्लॅबच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं, पण त्यांनी त्याला चोच लावली नाही, तलावावरच गेले. आई त्यावर रुसली. "आपल्या घरचं पाणी चालत नाही वाटते यायले बी," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

एका संध्याकाळी तलावाकडून येताना मी सहज एका खड्ड्यात डोकावले. आत एक बेडूक वाळून पडलेला. पुढच्या खड्ड्यात सरडा, जिवंत, पण भिंत चढून थकलेला. खड्ड्याच्या भिंती जेसीबीनं कापलेल्या, सरळ. मी सरड्याला काठीनं वर काढलं आणि तिथंच उभी राहिले. टिटवीचं पिल्लू अंड्यातून निघालं की चालायला लागतं, त्याला कोणी भरवत नाही, ते आईबापामागं पाण्याकडं जातं. माझ्या घरापासून तलावापर्यंत सगळे खड्डे. लिंबाएवढं पिल्लू त्यात पडलं तर संपलं.

मी घरात गेले आणि फावडं काढलं. आईनं विचारलं, "कुठं?" मी सांगितलं. तिनं पदर खोचला आणि ते रुसव्याचं घमेलं उचललं. खड्ड्याचा मुरूम खड्ड्याशेजारीच होता, परत ढकलायचा होता, पण मुरूम ढकलणं म्हणजे काय ते ज्यानं ढकललाय त्यालाच ठाऊक. सुट्टीच्या दिवशी आणि ड्युटीवरून आल्यावर अंधार पडेपर्यंत, घरापासून तलावापर्यंतचा पट्टा आम्ही दोघींनी बुजवला. बाकीच्या खड्ड्यांना मी हात लावला नाही. मला गावाशी वैर काढायचं नव्हतं, रस्ता पाहिजे होता. रोडवरून जाणारे थांबून बघायचे. काका त्यांच्या बांधावरून बघायचे. मदतीला कोणी आलं नाही, आणि मी कोणाला बोलावलंही नाही. हाताला फोड आले, तिकीट फाडताना मशीनचं बटण दाबलं की जीव जायचा.

सरपंच मोटरसायकलवर आला. गाडी बंदसुद्धा केली नाही. "ताई, हे कोणं केलं?"

"मी."

"सरकारी काम हाय हे. केस होऊ शकते."

"करा ना. माझं नाव तुमाले माहीत हाय, घर माहीत हाय. फावडं बी माझंच हाय, ते बी लिहून घ्या."

त्यानं बुजलेल्या पट्ट्याकडं पाहिलं. "तुमी नोकरीवाल्या बाई, शोभते का?"

"शोभते," मी म्हटलं आणि पुढचा खड्डा घेतला. केस झाली नाही. पण त्यानं माझ्याशी बोलणं सोडलं, ते अजून सोडलेलंच आहे. बसमध्ये चढला तर मी तिकीट देते, तो घेतो.

पिल्लं निघाली तो दिवस माझ्या सुट्टीचा होता, हे माझं नशीब. सकाळी आवाज वेगळा आला. नर खाली अंगणात उभा राहून हळू हळू बोलावत होता, मादी स्लॅबच्या कडेला. वर चढून पाहते तर तीन पिल्लं पायावर उभी. माझ्या डोक्यात आधीपासून होतं की पिल्लं टोपलीत घालून खाली न्यायची. टोपली घेऊन एक पाऊल टाकलं तर मादी अशी तोंडावर आली की मी टोपली तिथंच टाकून जिन्यावरून घसरत खाली. आई हसून हसून खुर्चीवरून पडायची राहिली. "तिचे लेकरं हायेत, ती पाहीन," ती म्हणाली. मी मग भिंतीच्या कडेनं तणस, म्हणजे वाळला पेंढा पसरलं. भाताचं तणस गोठ्यागोठ्यात असतं, पण आमच्या गावात कोणाला मागायचं नव्हतं, म्हणून शेजारच्या गावातून दोन भारे मी अडीअडचणीला आधीच आणून ठेवले होते. तेवढंच माझ्या हातात होतं.

पहिलं पिल्लू कडेला आलं, खाली पाहिलं, मागं गेलं. परत आलं. मग उडी. चेंडूसारखं तणसावर पडलं, एक कोलांटी खाल्ली आणि उठून चालायला लागलं. आईनं तोंडावर हात ठेवला होता. दुसरं लगेच. तिसऱ्यानं उशीर लावला, इतका की मी खालून त्याला बसमधल्यासारखं ओरडले, "चला, चला, उतरा लवकर." उतरलं तेही. चौथं आलं नाही. नंतर वर जाऊन पाहिलं तर ते अंड्यातच राहिलं होतं, उन्हानं. मला फार वाईट वाटलं. रडले मी, खोटं कशाला सांगू.

तिघं पट्ट्यावरून चालत तलावाकडं गेली. बुजलेल्या खड्ड्यांवरून, एकामागं एक. मला त्यात कुठंही खड्डा दिसला नाही.

पाऊस त्या वर्षी मध्यमच पडला. रोवणीपर्यंत, म्हणजे रोपं लावेपर्यंत ठीक, पण शेवटी लवकर गेला. काकांवर विसंबून ज्यांनी भारी धान लावलं होतं त्यांचं धान पोटरीत, लोंब बाहेर पडायच्या आधीच तहानलं. काकांचं स्वतःचंही. लोक त्यांना तोंडावर काही बोलले नाहीत, पण बसमध्ये बोलायचे, आणि मला ऐकवून बोलायचे, मी खूश होईन म्हणून. मी खूश नव्हते. एकाला मी म्हटलं, "काकानं सांगतलं तेव्हा तुमचं डोकं कुठं होतं?" पंचायतीची झाडं उरलेल्या खड्ड्यांत लागली. दिवाळीनंतर त्यांच्या जागी काठ्या होत्या, पुढं काठ्याही शेळ्यांच्या पायाखाली गेल्या.

यंदा टिटव्या खाली आल्या. मी बुजवलेल्या एका खड्ड्यावरच, जिथं मुरूम थोडा उचललेला राहिला होता, तिथं अंडी घातली. आणि पंचायतीत नवीन बोलणं सुरू झालं आहे की बरडीवर धान साठवायचं शेड बांधायचं. सभा लवकरच आहे.

परवा काका काठी टेकत आले. वर्षभरात पहिल्यांदा. मी वाटेतच आडवी उभी राहिले. "काका, पाऊस विचाराचा नाही."

"नाही विचारत," ते म्हणाले. "पाहू तं द्या."

मी बाजूला झाले. अंड्यांपासून बरंच लांब ते उकिडवे बसले. मादीनं आरडाओरडा केला, मग दमून परत अंड्यांवर गेली. काका उठेनात. ऊन चढलं तरी बसलेलेच. मला वाटलं गुडघे धरले, म्हणून हात द्यायला गेले, तर त्यांनी मलाच खाली बस म्हणून खूण केली. मी बसले.

"बाई, इथून सारंच दिसते," ते म्हणाले. "रोड दिसते, पाळ दिसते. तो पाहा, कुत्रं येऊन राहिलं, माझ्या बांधीपासून दिसून राहिलं." मग काठीनं अंड्यांकडं दाखवून, "आपून उभ्यानं पाहत होतो इतके वर्षं. वरून अंडे पाहाचे अन् जाचे. तिच्यासारखं बसून कधी पाहिलंच नाही." आणि माझ्या घराकडं मान वळवून, "तुमीनं बी याच्यासाठीच घेतली होय ही जागा?"

"हाव," मी म्हटलं. एवढी वर्षं कोणी असं विचारलं नव्हतं.

काकांनी काठीवर जोर देऊन अंग उचललं, टोपी झटकली. "शेडच्या सभेत मी बोलतो."

"कोपाचं नाव घ्याचं नाही, काका. पावसाचं बी नाही."

"नाही घेत."

"मंग काय बोलसान?"

त्यांनी टिटवीकडं पाहिलं. ती डोळा न मिटता आमच्याकडंच बघत होती.

"सारेजण चला, अन् एकएक जण इथं खाली बसून पाहा, असं बोलीन," ते म्हणाले.

"तेवढं बोला," मी म्हटलं. "बाकीचं मी बोलते."